चालू नर्सिंग होमचं वाढीव काम: टर्नकी पॅकेजची झडती

टर्नकी पॅकेज म्हणजे बांधकामापासून फिनिशिंगपर्यंत सगळं काम एकाच ठेकेदाराने पूर्ण करून द्यायचं. त्याच्या कोटेशनच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात एक ओळ असते: ‘हॉस्पिटल चालू ठेवून काम करून दिले जाईल.’ पुढची सगळी पानं टाइल्स, फॉल्स सीलिंग, प्लंबिंग आणि दरवाजांची. ‘चालू ठेवून’ म्हणजे नेमकं काय, यावर अवाक्षर नसतं. ही झडती त्या एका ओळीची आहे.

गिऱ्हाईक ठरलेलं आहे. तालुक्याच्या गावातलं किंवा उपनगरातलं पंधरा-वीस खाटांचं नर्सिंग होम. तळमजल्यावर ओपीडी, मेडिकल आणि एक्स-रे, पहिल्यावर थिएटर आणि लेबर रूम, दुसऱ्यावर खोल्या, वर गच्ची. एक मजला चढवायचा, खाटा पंचवीसवर न्यायच्या, जुने संडास-बाथरूम बदलायचे, लिफ्ट बसवायची. आणि हे होताना एक दिवसही ओपीडी बंद ठेवायची नाही, कारण बँकेचा हप्ता आधीच सुरू झालेला असतो.

निकाल आधीच सांगून टाकू. बांधकाम आणि फिनिशिंगला पाचपैकी चार. वेळापत्रकाला अडीच. धुळीला एक. ऑक्सिजन आणि विजेच्या शटडाउनला शून्य ते चार, ते काम पोटठेक्याने कोणाकडे गेलं त्यावर. हे गुण या सेवेला एकंदरीत आहेत, अमुक एका कंपनीला नाहीत. नावं बदलतात, कोटेशनचा साचा तोच राहतो. दर चौरस फुटावर असतो आणि धूळ चौरस फुटात मोजली जात नाही. पडदा लावण्यात गेलेला दिवस ठेकेदाराच्या हिशेबी वाया गेलेला दिवस, त्यामुळे अंगचोरपणा होतो तो नेमका तिथे.

पहिला वाद टप्प्यांवरून होतो. पॅकेजमध्ये टप्पे मजल्याने पाडलेले असतात, कारण मजल्याचं मोजमाप सोपं आणि बिलही सोपं. पण इमारतीतलं सांडपाणी मजल्याने वाहत नाही, डक्टने, म्हणजे सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या पाइपांच्या उभ्या पोकळीतून वाहतं. दुसऱ्या मजल्यावरच्या संडासांचा नळ ज्या उभ्या पाइपला जोडलेला असतो त्यालाच पहिल्यावरचेही जोडलेले असतात. वरचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) बदलायला घेतला की खालच्या खोलीचं सीलिंग उघडावं लागतं, आणि छत उघडं असलेल्या खोलीत रुग्ण ठेवता येत नाही. म्हणजे कागदावर ‘फक्त दुसरा मजला बंद’, प्रत्यक्षात दोन्ही मजले अर्धे अर्धे बंद, आणि हे कळतं ऐन वेळी, रुग्ण खोलीत असताना.

म्हणून टप्पा डक्टने पाडून मागा. अठरा खाटा आणि तीन डक्ट असतील तर एका डक्टवरच्या सगळ्या मजल्यांच्या खोल्या एकदम रिकाम्या करायच्या. साधारण सहा खाटा जातात, बारा चालू राहतात. हा आकडा आधी हातात असला की आधीच ठरवलेल्या शस्त्रक्रियांच्या तारखा त्या बेताने देता येतात. त्या बारांपैकी दोन खाटांची एक खोली कायम मोकळी ठेवा. काम चालू असताना कुठे तरी पाणी गळणारच, आणि तेव्हा रुग्णाला दहा मिनिटांत हलवायला जागा लागते. नवा मजला चढवायचा असेल तर तो पूर्ण करून जुने वॉर्ड त्यात हलवायचे आणि मगच जुन्या भागाला हात लावायचा. उलटा क्रम लावलेली कोटेशनंही येतात, कारण जुन्या भागाचं बिल लवकर निघतं.

आता धूळ. ‘डस्ट पार्टिशन’ असा शब्द कोटेशनमध्ये असेल तर ते कशाचं, हे विचारा. हिरव्या शेडनेटने धूळ अडत नाही, फक्त पलीकडचं दिसेनासं होतं. ताडपत्री खाली लोंबते आणि वर फट सोडते. दोन दिवसांच्या किरकोळ कामाला २०० मायक्रॉनचं प्लास्टिक चारी बाजूंनी टेप मारून चालेल. त्याहून जास्त दिवस असतील तर जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) चौकटीवर साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हवा, जोडांना टेप हवी, आणि मुख्य म्हणजे तो स्लॅबपर्यंत गेला पाहिजे. बहुतेक पार्टिशनं फॉल्स सीलिंगला टेकवून थांबतात. सीलिंगच्या वरची पोकळी मात्र अख्ख्या मजल्यावर एकच असते. खाली बंदोबस्त, वर मोकळं रान. धूळ तिथून प्रवास करते आणि चार खोल्या पलीकडे दिव्याच्या खाचेतून खाली उतरते. मग ‘एवढं पार्टिशन लावूनही धूळ कशी?’ असं मालक विचारतो आणि ठेकेदार खांदे उडवतो.

जाण्यायेण्याच्या तोंडाशी झिपचे दोन पडदे हवेत, मध्ये माणूस आणि घमेलं मावेल एवढी जागा ठेवून. एक झिप बंद झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. पायाशी ओलं गोणपाट. ते वाळलं की निव्वळ अडगळ, म्हणून दर दोन तासांनी भिजवायचं काम ठेकेदाराच्या बिगाऱ्याकडे लावा. वॉर्डातल्या मावशींकडे ते ढकललं गेलं तर दुसऱ्या दिवसापासून कोरडं गोणपाट दिसेल, कारण मावशींना त्यांची कामं आहेत.

पार्टिशनपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे हवेची दिशा. कामाच्या भागातल्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवायचा आणि काम संपेपर्यंत चालू ठेवायचा. आतला दाब किंचित कमी राहिला की फटीतून हवा वॉर्डातून कामाकडे ओढली जाते, उलट येत नाही. तो पंखा एखाद्या चालू खोलीच्या खिडकीखाली तोंड काढत नाही ना, हे रस्त्यावर उतरून पाहा. आयसीयू किंवा नवजात शिशूंचा कक्ष शेजारी असेल तर साध्या पंख्याने भागत नाही, हेपा गाळणीचं मशीन भाड्याने घ्यावं. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. डक्टेबल एसी असेल तर कामाच्या भागातली हवा परत ओढणारी जाळी बोर्ड लावून बंद करा, नाहीतर एसीच धूळ वाटत फिरतो.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. उदबत्ती लावा आणि पडद्याच्या फटीशी धरा. धूर कामाच्या बाजूला ओढला गेला पाहिजे. वॉर्डाकडे वळला तर पंखा चालू होईपर्यंत हातोडा उचलायचा नाही. रोज सकाळी, काम सुरू होण्याआधी, दोन मिनिटांचं काम आहे. सिस्टरांच्या राउंडच्या वहीत त्याची एक ओळ पडू द्या.

एवढा आटापिटा कशासाठी? जुन्या सीलिंगच्या पाठीवर आणि ओल धरलेल्या प्लास्टरमध्ये ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, दोन-तीन मायक्रॉनचे, हवेत तासन्‌तास तरंगणारे. धडधाकट माणसाला त्यांचं काही होत नाही. केमोथेरपीवरचा रुग्ण, बरेच दिवस स्टेरॉइड घेणारा किंवा साखर ताब्यात नसलेला मधुमेही यांच्या फुप्फुसात ते घर करतात. इन्फेक्शन कंट्रोलवाले काम सुरू होण्याआधी याच हिशेबाने तक्ता मांडतात: एका बाजूला कामाचा प्रकार, दुसऱ्या बाजूला शेजारी कोणता रुग्ण आहे, आणि त्यावरून बंदोबस्ताची पातळी. पॅकेज देणाऱ्याला हा तक्ता दाखवायला सांगा. ज्याने आधी अशी कामं केली आहेत तो काढून दाखवतो. बाकीचे ‘साहेब, पेशंटला कळणारसुद्धा नाही’ असं म्हणतात.

आणि आता पॅकेजची सगळ्यात मोठी खोट. तोडफोड संपते, राडारोडा जातो, भिंती उभ्या राहतात आणि ठेकेदार पार्टिशन उतरवतो, कारण तेच सामान त्याला पुढच्या टप्प्याला लागतं. मालकालाही हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी रंगारी येऊन पुट्टी घासायला बसतात. विटेची आणि प्लास्टरची बरीचशी धूळ जड असते, थोड्या वेळाने खाली बसते. पॉलिश पेपरने घासलेली पुट्टी आणि जिप्समचे जोड यांचं पीठ मात्र हवेतच राहतं. ते मॉनिटरच्या पंख्यात जातं, इन्फ्युजन पंपाच्या फटीत जातं, ऑटोक्लेव्हमधून काढून रांगेत ठेवलेल्या ड्रमच्या भोकांवर पांढरा थर होऊन बसतं. सगळ्यात बारीक धूळ उडते त्याच आठवड्यात पडदा नसतो. म्हणून करारात लिहून घ्या: रंगाचा पहिला हात होऊन, भिंती आणि जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसून झाल्याशिवाय पार्टिशन हलणार नाही. पुट्टी घासायला व्हॅक्यूम जोडलेलं मशीन मिळतं, ते वापरायला लावा. थोडं महाग पडतं.

थिएटरच्या आसपास काम झालं की ‘एक फ्युमिगेशन मारून देऊ’ असं सांगितलं जातं. धुळीच्या थरावर औषधाची वाफ सोडून जंतू मरत नाहीत. आधी छतापासून खालपर्यंत ओली पुसणी, एसीच्या गाळण्या बदलणं, मग फॉगिंग, मग हवेच्या प्लेट आणि स्वॅब लॅबला, आणि रिपोर्ट आल्यावरच पहिली केस. क्रम हाच. थिएटरचं वातानुकूलन नव्याने करणार असाल तर रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे तासाला किमान २० वेळा हवा बदलली पाहिजे, त्यातल्या ४ वेळा ताजी, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. दोन टनांचे दोन स्प्लिट एसी लिहून ‘मॉड्युलर ओटी’ म्हणणारी कोटेशनं बाजूला ठेवा. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. हॉस्पिटलचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर कायद्याने मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. काँक्रीट फोडणारा चालू ब्रेकर या आकड्याच्या आसपासही राहत नाही, शिवाय त्याचा हादरा कॉलममधून सगळ्या मजल्यांवर जातो. स्लॅबला भोक पाडायचं तर कोअर कटिंगच करा, म्हणजे न ठोकता मशीनने गोल कापून काढा. मात्र कोअर कटिंगला पाणी लागतं आणि त्याचा राखाडी चिखल भोकातून खालच्या मजल्यावर पडतो. खाली बादली आणि प्लास्टिक धरून माणूस उभा असल्याशिवाय मशीन चालू होऊ देऊ नका.

ऑक्सिजनकडे येऊ. टर्नकी कंपनी हे काम स्वतः करत नाही, गॅस पाइपलाइनवाल्याला देते. तो कोण आणि त्याने कुठे कुठे काम केलंय, हे सही करण्याआधी कळलं पाहिजे. नव्या वॉर्डला लाइन द्यायची तर जुन्या मुख्य पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) घालावा लागतो आणि त्यासाठी लाइन बंद करून रिकामी करावी लागते. जुन्या नर्सिंग होममध्ये मजल्यागणिक व्हॉल्व्ह क्वचितच असतो. म्हणजे एका जोडासाठी सगळ्या खाटांचा पुरवठा बंद, आणि असे शटडाउन तीन-चार. शहाणा पाइपलाइनवाला पहिल्याच शटडाउनमध्ये प्रत्येक मजल्याचा झोन व्हॉल्व्ह (तेवढ्याच मजल्याचा पुरवठा बंद करणारा) बसवतो आणि पुढच्या वाढीसाठी व्हॉल्व्हसकट बंद तोंड काढून ठेवतो. त्यानंतरची कामं एकेका मजल्यापुरती राहतात. हे त्याने आपणहून सुचवलं तर माणूस जाणकार आहे.

‘अर्ध्या तासाचं काम’ असं तो म्हणाला तर तीन तास धरा. आणि शटडाउन रात्री ठेवू नका. रात्री गर्दी नसते म्हणून ती वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा वॉर्डात सिस्टर एक-दोनच असतात, डॉक्टर घरी, सिलिंडरवाल्याचं गोदाम बंद आणि एखादा जोड कमी पडला तर दुकानही बंद. दुपारी दोन ते पाच ही वेळ बरी. सकाळचा राउंड उरकलेला असतो, थिएटरची यादी त्या दिवशी ठेवायची नाही, आणि काही बिघडलं तर सगळे हाताशी. रविवार त्याच कारणासाठी वाईट.

बदली सिलिंडरचं गणित सोपं आहे. बी टाइपच्या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने तो ५ तास पुरतो, १० लिटरने अडीच. जंबो ७ घनमीटरचा, ५ लिटरने तेवीस तास. ऑक्सिजनवरच्या प्रत्येक रुग्णाशी एक बी टाइप आणि वर दोन जादा. प्रत्येकाला स्वतःचा रेग्युलेटर, फ्लोमीटर, पाण्याची बाटली आणि चावी. चुकतं ते चावीत. सिलिंडर सहा आणि चावी एकच, तीही वॉर्डबॉयच्या खिशात, आणि तो चहाला गेलेला. चावी प्रत्येक सिलिंडरच्या मानेला सुतळीने बांधा. सिलिंडर आदल्या दिवशी उघडून काटा पाहा. ‘भरलेला’ अशी चिठ्ठी लावलेला रिकामा सिलिंडर ही नवलाईची गोष्ट नाही. बहुतेक व्हेंटिलेटरना फ्लोमीटरचा ऑक्सिजन चालत नाही, चार बारच्या आसपास दाब लागतो. जंबो, दाबाचा रेग्युलेटर आणि नेमका बसणारा होस आधी जोडून पाहिला नसेल तर त्या दिवशी व्हेंटिलेटरवर रुग्ण नको.

पाइपकामात एक गोष्ट जवळून पाहावी. तांब्याचा पाइप आतून तेलरहित करून दोन्ही टोकांना टोप्या लावून आलेला हवा. जोड चांदीच्या ब्रेझिंगने, आणि ब्रेझिंग चालू असताना पाइपातून नायट्रोजन वाहता हवा. नायट्रोजन न सोडता जोड मारला की आतला तांबा जळून काळी खपली धरते. ती पुढे सुटते आणि आउटलेटच्या गाळणीत, नाहीतर थेट व्हेंटिलेटरमध्ये जाते. बाहेरून दोन्ही जोड सारखेच चकचकीत दिसतात. त्यामुळे पहिल्या दिवशीचा एक जोड उभा कापून दाखवायला सांगा. आत तांबूस दिसला तर काम चालू ठेवा, काळा दिसला तर तिथेच थांबवा. हे सांगितल्यावर ज्याला राग येतो त्याचे बाकीचे जोडही संशयास्पद समजावेत.

लाइन पूर्ण झाल्यावर नायट्रोजनचा दाब किमान २४ तास धरून काटा हलत नाही हे पाहायचं, मग एकेक वायू सोडून प्रत्येक आउटलेट तपासायचं. ऑक्सिजनच्या तोंडातून ऑक्सिजनच येतोय हे ॲनालायझरने, प्रत्येक खाटेशी; ‘एक तपासलं म्हणजे सगळे तपासले’ इथे चालत नाही. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ला टाकीची गळती होऊन दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. दाब पडल्यावर हाताशी मिनिटंच असतात, म्हणून गजर वाजवणारं प्रेशर अलार्मचं पॅनल सिस्टरांच्या टेबलाशी हवं. ते तळमजल्यावरच्या मॅनिफोल्ड खोलीत, म्हणजे सिलिंडर लाइनला जोडतात तिथे, बसवून ठेवलेलं दिसतं, जिथे ऐकायला कोणी नसतं.

विजेचा धोका वेगळा. मुख्य पॅनल बदलताना न्यूट्रल ढिला राहिला तर काही सॉकेटांवर २३०च्या जागी ४००च्या जवळ व्होल्टेज चढतं आणि मॉनिटर, सिरिंज पंप, वॉर्मर एका झटक्यात जातात. पुरवठा परत देताना आधी वॉर्डाचे सगळे एमसीबी (बोर्डावरचे सुरक्षा-स्विच) खाली, मग तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मीटरवर वाचायचं, मग एकेक एमसीबी वर. फेजचा क्रम उलटला तर तीन फेजच्या मोटारी उलट्या फिरतात: पाण्याचा पंप, सक्शनची मोटर. महावितरणकडून वाढीव भार मंजूर होऊन येण्याआधीच नवे एसी जोडून टाकणं ही नेहमीची घाई, आणि उन्हाळ्यात त्याची किंमत कळते.

वरच्या मजल्याबद्दल पॅकेजवाले भरभरून बोलतात, कारण पैसा तिथे आहे. स्ट्रक्चरल ऑडिट स्वतंत्र माणसाकडून करून घ्या, ठेकेदाराच्या ओळखीच्या इंजिनियरकडून नको. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर टेस्ट आणि पायाशी खड्डा घेऊन प्रत्यक्ष पाहणी, एवढं झालं पाहिजे. अहवालात कॉलम जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नवा थर चढवून त्याला मजबूत करणं, आलं तर लगेच टेप घेऊन पॅसेजमध्ये जा. काँक्रीटचं जॅकेट प्रत्येक बाजूला किमान १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच वाढतं. दोन्ही बाजूंचे कॉलम पॅसेजमध्ये डोकावत असतील तर सहा फुटांचे पाच फूट चार इंच उरतात. सात फुटी ट्रॉली सलाइनच्या स्टँडसह थिएटरच्या दारात वळते का, हे नकाशावर नाही, खडूने जमिनीवर आखून आणि खरी ट्रॉली ढकलून पाहा. काँक्रीटऐवजी कॉलमला गुंडाळायचं कार्बन फायबर जागा खात नाही, पण चौकोनी कॉलमची भार घेण्याची ताकद वाढवण्यात त्याचा हात आखडता असतो.

जॅकेटची सळई जुन्या काँक्रीटमध्ये रासायनिक अँकरने बसवतात. भोक पाडल्यावर ब्रश आणि हवेने आळीपाळीने साफ न करता केमिकल भरलं तर ते धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. सुपरवायझर जेवायला गेलेला असताना भरलेल्या भोकांची ओढचाचणी करून घ्या.

लिफ्टचं मापही इथेच फसतं. जुन्या डक्टमध्ये मावते म्हणून सहा माणसांची लिफ्ट बसवतात आणि ट्रॉली आयुष्यभर जिन्यानेच उतरते. भारतीय मानकाप्रमाणे हॉस्पिटलच्या पंधरा माणसांच्या लिफ्टची केबिन आतून १००० बाय २४०० मिलिमीटरची. ती बसत नसेल तर १ः१२च्या उताराला जागा शोधा. तळमजल्यावरून तीन मीटर चढायला ३६ मीटर लांबी लागते, वळणाच्या जागा वेगळ्या. म्हणजे छोट्या प्लॉटवर तोही नाही, आणि हे नकाशा मंजूर होण्याआधी कळलेलं बरं.

फ्लोअरिंगमध्ये पॅकेजचं काम खरंच देखणं असतं. दोन मिलिमीटरचं व्हिनाइल, वितळवून जोडलेले सांधे, भिंतीवर चार इंच गोलाई देऊन चढवलेलं, कोपऱ्यात मावशींचं फडकं अडकत नाही. बिघडतं ते खालच्या कोब्यामुळे. नवा कोबा ढोबळमानाने दिवसाला एक मिलिमीटर वाळतो, म्हणजे ५० मिलिमीटरला जवळजवळ दोन महिने, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. घाईने चिकटवलेलं व्हिनाइल दिवाळीपर्यंत फुगे धरतं. दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेप करून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं तर थांबायचं. दरवाजांचं पॉलिश मात्र जागेवर होऊ देऊ नका. थिनरचा वास पडद्याने अडत नाही, आणि दम्याचा रुग्ण तीन खोल्या पलीकडे असला तरी त्याला तो पोहोचतो. दारं कारखान्यातून पॉलिश होऊनच यावीत.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगला पाणी भरून ४८ ते ७२ तास ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरून छत पाहायचं. गळती बहुतेक वेळा फरशीतून नाही, नहाणी ट्रॅपच्या कडेने होते. चाचणी होण्याआधी खालचं सीलिंग बंद केलं तर पाहायला काही उरत नाही, आणि ठेकेदाराला ते चांगलं माहीत असतं.

कागदपत्रं ‘आमच्याकडे लागली’ असं पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पालिकेचा बांधकाम परवाना आणि फार तर फायर. बाकीचं तुमच्या गळ्यात. सगळ्यात धोक्याची सोनोग्राफी. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नियम १३प्रमाणे जागा, पत्ता, कर्मचारी किंवा मशीन बदलणार असेल तर किमान ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला कळवावं लागतं. धूळ बसेल म्हणून बिगाऱ्यांनी मशीन ढकलत वरच्या मजल्यावर नेलं, आणि तपासणी आली तर ‘रंगकाम चालू होतं’ हे उत्तर पुरत नाही. एक्स-रेची खोली बदलत असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नवा आराखडा आणि मशीनची पुन्हा गुणवत्ता चाचणी. खाटा वाढल्या की १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र, दोन्हींवरचा खाटांचा आकडा बदलून घ्यायचा. तो बदलेपर्यंत नव्या खाटेवर रुग्ण झोपवायचा नाही.

फायरबद्दल एकच गोष्ट, पण ती जवळजवळ प्रत्येक कामात चुकते. दोन जिने असतात, आणि मालाची ने-आण सोयीची पडावी म्हणून त्यातला एक ठेकेदाराला दिला जातो. दुसऱ्या आठवड्यात त्यात सिमेंटच्या गोण्या, टाइल्सचे खोके आणि बिगाऱ्यांच्या सायकली. म्हणजे जिना एकच उरला. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात शिशूंच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हापासून तपासण्या कडक झाल्या. बांधकाम चालू असताना कोणी येऊन पाहत नाही एवढाच फरक. मालासाठी बाहेरून मचाण आणि च्यूट (राडारोडा खाली सोडायची नळी) मागा, राडारोडा बंद गोणीत भरून तिथूनच खाली. स्मोक डिटेक्टरना धुळीसाठी घातलेल्या प्लास्टिकच्या टोप्या संध्याकाळी मोजून काढायच्या. वेल्डिंग झालं की पुढचा तासभर तिथे अग्निशामक घेऊन माणूस बसलेला हवा.

पैशाचं. वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे मालासकट बांधकामाच्या ठेक्यावर, १८ टक्के जीएसटी, आणि आरोग्यसेवा करमुक्त असल्याने त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) नर्सिंग होमला मिळत नाही. कोटेशनमधली ‘कर वेगळे’ ही बारीक ओळ ५० लाखांवर नऊ लाखांची असते. पार्टिशन, रोजची सफाई, बदली सिलिंडर, शटडाउन या चार गोष्टी वेगळ्या आयटम म्हणून दरासकट लिहून घ्या, म्हणजे त्या न केल्यास कापता येतात. ‘पॅकेजमध्ये समाविष्ट’ असं लिहिलेलं काहीही कापता येत नाही. पाच ते दहा टक्के रक्कम रोखून ठेवायची, आणि दोषदायित्वाचा काळ (निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) महिन्यांत न लिहिता ‘एक पूर्ण पावसाळा’ असा लिहायचा. जानेवारीत हस्तांतर झालं आणि सहा महिन्यांची हमी असली तर ती जुलैत संपते, गच्ची गळायला लागते तेव्हाच.

हस्तांतराच्या वेळी ठेकेदार चकचकीत फाइल देतो. त्यात टाइल्सची वॉरंटी असते, प्रत्यक्ष घातलेल्या पाइप आणि केबलचे नकाशे नसतात. शेवटचं बिल ते नकाशे हातात आल्यावरच द्यायचं. आणि नूतनीकरणानंतर खोल्यांचे क्रमांक बदलतात: जुनी चार नंबर आता १०४, स्पेशल रूम आता २०१. दारांवर नव्या पितळी पाट्या लागतात. झोन व्हॉल्व्हच्या पेटीवर, एमसीबीच्या बोर्डावर आणि जिन्यातल्या फायर प्लॅनवर जुनेच क्रमांक राहतात. १०४मध्ये आउटलेट फुसफुसायला लागलं की सिस्टर धावत पेटीकडे जातात आणि तिथे लिहिलेलं असतं: खोली १ ते ६.